विद्येचे प्रयोजन आणि आचार्यांचे कर्तव्य

विद्या कोणती शिकावी, ह्यापूर्वी ती कशासाठी शिकावी हे ठरले पाहिजे. उपजीविकेची विद्या देहाचे पोषण करते; तिचा निषेध करण्याचे कारण नाही. परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या ब्रह्मविद्येचे प्रयोजन जीवाचा उद्धार हे आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ विद्यार्थ्याने अस्खलित म्हणून दाखविले, तर त्याला नावे आली. ज्ञान झाले असे नव्हे. जीव बद्ध आहे हे ऐकून ज्याच्या आचरणात पालट झाला, त्याचेच श्रवण सफल होय.

प्रयोजन निश्चित झाले की आचार्यांचे कर्तव्यही निश्चित होते. केशिराजबास हे संस्कृतचे थोर पंडित. त्यांची प्रवृत्ती संस्कृत रचनेकडे पाहून श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. त्या भाषेमुळे मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही आचार्यांची चिंता होती. 'स्मृतिस्थळा'त ही आठवण नोंदलेली आहे. सभेतील पंडिताला कोणत्याही भाषेत कळते; ज्याला कळणे सर्वांत कठीण, त्याच्यापर्यंत निरूपण पोचले की नाही, हे आचार्यांनी पाहिले. पुढे त्याच केशिराजबासांनी सर्वज्ञांची मराठी वचने 'सूत्रपाठा'त आणि 'दृष्टांतपाठा'त लावून दिली.

म्हाइंभटांचे चरित्रही येथे चिंतनीय आहे. शास्त्राचा अभिमान बाळगणारा हा विद्वान सर्वज्ञांच्या भेटीनंतर पालटला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळांचे संकलन करताना, ज्यांच्यापाशी ज्या प्रसंगाची आठवण होती त्यांच्याकडे जाऊन त्यांनी ती ऐकून घेतली. विद्वत्तेने ऐकण्याची पायरी सोडली नाही, म्हणून 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. जो शिकत राहतो, तोच शिकवू शकतो.

'दृष्टांतपाठा'ची रचनाच अध्यापनाचा क्रम दाखविते : आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. दृष्टांताने वस्तू डोळ्यांपुढे येते. दार्ष्टांतिकाने ती स्वतःला कोठे लागू पडते हे कळते. आंधळे आणि हत्ती हा दृष्टांत सर्वपरिचित आहे. त्याचे शास्त्रीय तात्पर्य परमेश्वराच्या ज्ञानाविषयीचे आहे. तथापि अध्यापकालाही त्यातून बोध घेता येतो. संपूर्ण हत्ती पाहिलेला असणे, ही अध्यापकाची पहिली योग्यता. विद्यार्थ्याचा हात कोणत्या अवयवावर आहे हे ओळखणे, ही दुसरी. पहिली असून दुसरी नसेल, तर निरूपण खरे असूनही वाया जाते.

शंका : अधिकार नसलेल्याला कितीही सांगितले तरी काय उपयोग ?

समाधान : अधिकाराचा विचार योग्यच आहे. परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. काळ्या जमिनीत वाफसा आल्यावाचून तो पेरीत नाही. पण वाफसा येईपर्यंत तो शेताकडे पाठ फिरवूनही बसत नाही. नांगरट, वखरणी आधीच करून ठेवतो. अनधिकारी म्हणून शिष्याला दूर सारणे सोपे आहे. त्याच्या ठिकाणी अधिकार उपजावा म्हणून झटणे, हे आचार्यत्व.

शंका : वारंवार प्रश्न करणे हा गुरूंचा अनादर नव्हे काय ?

समाधान : नव्हे. महदाइसा सर्वज्ञांना सतत प्रश्न विचारीत. त्यांच्या जिज्ञासेमुळे कितीतरी निरूपण पुढील पिढ्यांना लाभले. त्यांचे प्रश्न अनादर ठरले असते, तर ते निरूपण झालेच नसते.

आज मठांतून बालवासनिक सूत्रे मुखोद्गत करतात. हे पाठांतर मोलाचे आहे. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नाहीशी झाल्यावर स्मरणशक्तीनेच ग्रंथ वाचविला. पण अर्थ विचारताच ज्या बालकाला गप्प केले जाते, तो सूत्र राखील, त्यातील ब्रह्मविद्या राखणार नाही. इ. स. २०२४ मध्ये ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले; तेथे पंथीय ग्रंथांच्या भाषेचा अभ्यास होईल, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या ग्रंथांचे प्रयोजन सांगण्याचे दायित्व मठांतील अध्यापकांचेच राहते. दररोजच्या निरूपणानंतर एका तरी श्रोत्याला त्याच्या शब्दांत अर्थ सांगावयास लावावे. तो जेथे अडखळेल, तेथून दुसऱ्या दिवशीचे निरूपण सुरू करावे.