नायक नववीतला, कादंबरी कुणाची?

प्रश्न : मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’चा नायक नववीत आहे. मग ती कुमारांची कादंबरी म्हणायची का? मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला देऊ का?

उत्तर : नायकाच्या वयावरून ठरवू नका. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बन्या, हाही शाळकरीच. त्याच्या गोष्टीत वाचक बन्याबरोबर धावतो, आणि संकटातून वाट मोठ्यांनी नव्हे, बन्यानेच काढायची, हा कुमारकथेचा जवळजवळ कायदाच! ‘शाळा’त मात्र आणीबाणी आहे. निवेदन करणाऱ्या नायकाला, मुकुंदाला, ती अर्धीमुर्धी कळते, प्रौढ वाचकाला पुरती. निवेदकाच्या डोक्यावरून वाचकाला पुढचं दिसणं, ‘शाळा’ची खरी गंमत यात आहे. प्रकाश नारायण संतांच्या लंपन या मुलाच्या कथाही याच जातीच्या.

प्रेम, शिव्या, मृत्यू यांवरून सीमा आखणं मला पटत नाही. एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’मध्ये (१९६७) टोळ्यांच्या मारामाऱ्या आहेत, मरणंही आहेत; तरी ती कुमारांचीच, कारण सगळं त्या वयाच्या उंचीवरूनच दिसतं.

मुलीला ‘शाळा’ जरूर द्या. थोडं निसटेल, निसटू द्या. मात्र शेजारी बसून समजावू नका.