दुबईचा प्रवास आणि घड्याळाचा हिशेब

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. समजा, विमान मुंबईहून सकाळी १० वाजता निघून दुबईस ११.४५ ला उतरते. प्रवास पावणेदोन तासांचा नव्हे. तिकिटावर त्या त्या शहराची वेळ छापतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून जाताना दीड तास मिळवावा: सव्वातीन तास. परतताना तेवढाच वजा करावा.

एकदा परतताना आम्ही घड्याळ बदललेच नाही. माळशिरसकडची रात्रीची गाडी चुकली आणि लग्नाच्या कापडाचे गिऱ्हाईक दुकानावरून परत गेले.

विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे. माळशिरस ते मुंबई रस्त्याचे सहा-सात तासही हिशेबात धरावेत. मगच व्यापाऱ्याला भेटीची वेळ द्यावी.