शिशाचा रंग उतरवायचा परवाना आणि काम

लातूर-नांदेडकडच्या एखाद्या रंगकाम ठेकेदारानं विचारलं, की शिसं असलेला जुना रंग काढायचं सर्टिफिकेट कुठं मिळतं, तर उत्तर एका वाक्याचं आहे. त्यासाठी वेगळा परवाना आपल्या कायद्यानं ठेवलेलाच नाही. केंद्र सरकारनं 2016 साली घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाबद्दल नियम केले, ते 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले आणि 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90) जास्त शिसं असलेला असा रंग बनवायला, विकायला, आयात करायला बंदी आली. पण हे सगळं डब्यातल्या नव्या रंगापुरतं. दारावर पन्नास वर्षांपासून बसलेला रंग कुणी आणि कसा उतरवायचा, याबद्दल त्या नियमांत काही नाही. त्यामुळं कागद एकीकडून, शिक्षण दुसरीकडून असं जुळवावं लागतं.

आधी कागद. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी स्वतःची आणि हाताखालच्या प्रत्येक गड्याची करून घ्या. वय 18 ते 60, मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला, ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा आणि फोटो एवढं लागतं. 90 दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामसेवक किंवा महापालिका. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर होतो, मध्ये दलाल घालायची गरज नाही. मंडळाकडून सुरक्षा संच मिळाला तर घ्या, पण शिशाच्या कामाचा मास्क वेगळाच घ्यावा लागतो, तो पुढे येईल.

दुसरा कागद कौशल्याचा. पेंट्स अँड कोटिंग्ज स्किल कौन्सिलचा डेकोरेटिव्ह पेंटरचा अभ्यासक्रम आहे. वर्षानुवर्षं ब्रश धरलेल्या माणसाला पूर्वानुभवाच्या परीक्षेतूनही असं प्रमाणपत्र मिळू शकतं. जवळपास केंद्र कुठं चालू आहे ते आयटीआयत विचारा. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या मागे मात्र लागू नका. तिच्या 18 व्यवसायांत गवंडी आहे, सुतार आहे, न्हावी आहे, रंगारी नाही. का नाही, हे ठरवणाऱ्यांनाच ठाऊक.

आता शिक्षण. जिथं असा परवाना खरोखर आहे, त्या अमेरिकेचा अभ्यासक्रम वाचायला मिळतो. तिथं 1978 च्या आधी बांधलेल्या घरात पैसे घेऊन जुन्या रंगाला धक्का लागेल असं काम करायचं, तर 2010 पासून प्रमाणित माणूस आणि प्रमाणित फर्म दोन्ही लागतात. वर्ग आठ तासांचा, त्यातले दोन तास हातानं काम करून दाखवायचं, आणि पाच वर्षांनी पुन्हा उजळणी. पहिल्या वेळी प्रात्यक्षिक टाळता येत नाही, म्हणून लातुरात बसून ऑनलाइन ते कार्ड मिळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्या वर्गाचं पुस्तक मात्र तिथल्या पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण चित्रं भरपूर आहेत. ते छापून घ्या आणि गड्यांना घेऊन एखाद्या मोडक्या खिडकीवर सगळ्या पायऱ्या करून बघा. मालकाच्या घरात पहिला प्रयोग नको.

मग शिशाच्या रंगाची ओळख पटवायची. जुनी इमारत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाडा येतो, नाहीतर लातूरची 1917 ची गंजगोलाई. पण 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीच्या आसपास नव्यानं वसवलेल्या गावांतली घरंसुद्धा 2017 च्या आधीचीच आहेत. तिथल्या दारा-खिडक्यांवर तेव्हाचा ऑइल पेंट असेल तर संशय धरायचा. उलट वाड्याच्या भिंतीला पिढ्यान्‌पिढ्या नुसता चुना दिलेला असेल, तर तिथं भीती कमी. शिसं मुख्यतः ऑइल पेंटमध्ये, म्हणजे चौकट, दार, गज, जिन्याचा कठडा, माळवदाचे रंगवलेले खांब यांवर. त्यातही पिवळा, नारिंगी, लाल आणि गडद हिरवा यांच्यावर जास्त लक्ष ठेवा. लोखंडावर खाली शेंदरी प्रायमर निघाला तर तो शेंदूर, म्हणजे शिशाचाच असू शकतो.

नमुना घ्यायची पद्धत अशी. दाराच्या कोपऱ्यात पाण्याचा फवारा मारा, धारदार पात्यानं रुपयाएवढा तुकडा थेट लाकडापर्यंत कापा आणि सगळे थर एकत्र उचला. तुकडा आडवा धरून पाहिला तर वरचा पांढरा, त्याखाली पोपटी, त्याखाली पिवळा आणि तळाशी करडा अस्तर अशा रेघा दिसतात. धोका बहुतेक वेळा खालच्या दोन रेघांत असतो, म्हणून वरवरचं खरवडलेलं प्रयोगशाळेला पाठवून उपयोग नाही. पुडीवर खोली, जागा आणि तारीख लिहा. एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला आधी फोन करून रंगातलं शिसं तपासता का ते विचारा आणि अहवाल पीपीएममध्ये मागा. 90 ही नव्या रंगाची मर्यादा आहे, आणि अमेरिकेत बसलेल्या जुन्या रंगाला 5000 पीपीएमपासून शिशाचा रंग म्हणतात. रंगातलं शिसं जागेवर क्ष-किरणांनी मोजणारं एक्सआरएफ यंत्रही असतं. सराफ्यातलं कॅरेट मशीन त्याच जातीचं, पण ते सोन्याला लावलेलं असतं. ओळखीचा सराफ दार तपासून देतो म्हणाला तरी तो आकडा धरू नका. तपासणीचा खर्च मालक देत नसेल तर सोपा नियम पाळा, की 2017 च्या आधीचा ऑइल पेंट म्हणजे शिसं आहेच असं समजून काम करायचं.

अहवाल हातात आला की आधी एक प्रश्न विचारा, हा रंग काढायलाच हवा का? पापुद्रे सुटलेले नसतील, दार घासत नसेल, तर ओल्या कपड्यानं पुसून वर नवा थर देणं हेच चांगलं काम. रंग काढताना जी धूळ उठते, तीच माणसाला बाधते. दार बिजागरीवरून उतरवून बाहेर नेता येत असेल तर तेही करा.

काढायचाच ठरला तर खोली रिकामी करा. मुलं आणि गर्भार बाई काम संपेपर्यंत दुसरीकडे राहायला हवीत. पंखा बंद, कूलर बंद. मराठवाड्यात मे महिन्यात कूलर बंद करा म्हटलं की घरमालक तोंड वाकडं करतो, पण कूलरचा झोत सगळी धूळ घरभर नेतो. म्हणून हे काम पावसाळा सरल्यावर घ्यावं. दसरा-दिवाळीच्या घाईतही नको, कारण घाईत गडी पाणी मारायचं सोडून देतात. जाड प्लास्टिक कामाच्या जागेपासून आत सहा फूट आणि बाहेर दहा फुटांपर्यंत अंथरा, कडा टेपनं चिकटवा, दारावर प्लास्टिकचा पडदा सोडा.

मास्क एफएफपी3 किंवा पी100 घ्या. नाकाला गमछा बांधून शिशाची धूळ अडत नाही. दाढीवर घट्ट मास्क बसत नाही, कडेनं हवा आत येते. नांदेडात दाढी राखणारे कारागीर पुष्कळ, त्यांना खरवडायला न लावता नंतर नवा रंग द्यायचं काम द्यावं, हे बरं.

खरवडणं ओलंच. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या गावात पाण्याची गोष्ट जपूनच करावी लागते. पण इथं बादल्या लागत नाहीत, फवाऱ्याची बाटली पुरते. फवारा मारा, थोडं थांबा, खरवडणीनं ओढा, पुन्हा फवारा. घासायला वॉटर पेपर, तोही भिजवून. ग्राइंडर, कोरडा पॉलिश पेपर आणि ब्लो लॅम्प या तिन्हींना कामावर बंदी. ज्वाळेनं रंग पटकन सुटतो खरा, पण शिशाचा धूर होतो, आणि तो धुळीपेक्षा वाईट. पेंट रिमूव्हर वापरलात तर खिडक्या उघड्या लागतात, बंद न्हाणीघरात ते वापरून माणसं दगावलेली आहेत.

गड्यांवर खरी नजर ठेवायची ती दुपारच्या सुट्टीत. हात झटकून तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, अंगठ्यानं घोळायचा आणि चिमूट ओठात धरायची, ही सवय शिसं पोटात घालायचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. विडीचंही तेच. साबणानं हात-तोंड धुतल्याशिवाय तंबाखू नाही, भाकरी नाही, चहाही नाही. कामाचे कपडे तिथंच काढून पिशवीत भरायचे आणि घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार-पाच पट शिसं शोषतं, आणि बापाच्या शर्टवरून ते घरी पोचतं.

संध्याकाळी झाडू हातात घेऊ नका. प्लास्टिकवर फवारा मारा, कडा आत दुमडत गुंडाळी करा. फरशी हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमनं साफ करा, आणि नंतर दोन बादल्या ठेवून ओल्या फडक्यानं पुसा, एक साबणाची, एक खळबळायची. शेवटी कोरं पांढरं ओलं फडकं खिडकीच्या तळपट्टीवरून आणि फरशीवरून फिरवा. ते करडं झालं तर पुन्हा पुसा. अमेरिकेतही फडक्याचा रंग छापील कार्डाशी ताडून बघतात.

रंगाचे पापुद्रे, फडकी, प्लास्टिक दुहेरी पिशवीत घट्ट बांधा आणि वर लिहा. रंगाचे टाकून दिलेले डबे 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले. या पिशव्याही घंटागाडीत ओल्या-सुक्याबरोबर न टाकता महापालिकेच्या स्वच्छता विभागाला विचारून द्या. सोलून काढलेली पट्टी किंवा चौकटीचा तुकडा आंघोळीच्या बंबात घालायला म्हणून कुणी मागितला तर देऊ नका. होळीलाही नको.

प्रत्येक कामाची फाइल ठेवा. त्यात अहवाल, आधीचे-नंतरचे फोटो, प्लास्टिक कुठवर घातलं ते, मास्कचं बिल, पांढऱ्या फडक्याचा फोटो आणि गड्यांची नोंदणीपत्रं असू द्या. अमेरिकेत अशा नोंदी तीन वर्षं ठेवायला लागतात, तुम्हीही तेवढ्या ठेवा. सतत हे काम करणाऱ्याचं रक्तातलं शिसं डॉक्टरांच्या चिठ्ठीनं सहा महिन्यांनी तपासून घ्या आणि तो आकडा त्याच्याच नावानं फाइलीत लावा. पुढचं अंदाजपत्रक देताना शिशाच्या बंदोबस्ताची ओळ वेगळी दाखवा. मालक ती खोडायला लागला तर ही फाइल त्याच्यापुढे उघडा, आणि तरीही खोडली तर खरवडायचं काम सोडून फक्त वरून रंग द्यायचं काम घ्या.