एका झाकल्या दुखण्याविषयी

स्मरणिकेसारख्या मंगल प्रसंगाच्या पुस्तकात हा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु आपल्या बहुतेक घरांत सुंता करण्याची रीत नाही, आणि अशा घरांतून शिश्नाच्या पुढच्या कातडीची दुखणी अधूनमधून निघतातच. आई त्याविषयी वडिलांना विचारीत नाही, वडील डॉक्टरांना विचारीत नाहीत, आणि मुलगा तर कोणालाच विचारीत नाही. म्हणून आम्ही येथे आडपडदा न ठेवता साध्या शब्दांत लिहीत आहोत.

तान्ह्या मुलाची पुढची कातडी आतल्या बोंडाला चिकटलेली असते. नखाखालचे मांस नखाला असते तशी. हा रोग नव्हे. मूल वाढते तशी ती आपोआप सुटत जाते. इंग्लंडातील डॉक्टर गेअर्डनर यांनी १९४९ साली मुले तपासून लिहिले, की जन्मतः शंभरांत चारच मुलांची कातडी मागे सरते, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नव्वदांची. पुढे १९६८ साली डेन्मार्कमधील ऑस्टर यांनी शाळकरी मुले पाहिली, तेव्हा सहा-सात वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत थोडेफार चिकटलेपण होतेच. सोळा-सतराव्या वर्षी मात्र ते शंभरांत तिघांपुरते उरले होते. तेव्हा शेजारच्या मुलाची कातडी सुटली व आपल्याची नाही, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

आमच्या भागातली खरी अडचण निराळीच आहे. १९५६ साली जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी होऊन उदगीर-निलंगा तिकडे व भालकी-औराद इकडे राहिले, तरी सोयरिकी तुटल्या नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी होते. तेथे न्हाऊ घालणारी बाई तेलाचे बोट लावून रोज थोडी थोडी कातडी मागे ओढते, आणि बाळ कळवळले तर “पुढे त्रास नको, आत्ताच मोकळी केलेली बरी” असे सांगते. तिचा हेतू वाईट नसतो; तिला तिच्या आईने हेच शिकविलेले असते. पण त्या ओढण्याने कातडीच्या कडेला बारीक चिरा पडतात, त्या भरताना व्रण धरतो, आणि जी वाट आपोआप मोकळी होणार होती ती कायमची अरुंद होऊन बसते. आम्ही आमच्या नातवाच्या वेळी बाईंना स्पष्ट सांगितले, की बाकी अंग हवे तेवढे चोळा, तेथे फक्त वरून पाणी घाला. बाई दोन दिवस रुसल्या होत्या, हेही सांगून टाकतो.

कातडीखाली कधी पांढरे मोत्यासारखे गोळे दिसतात. तो पू नव्हे, साठलेला मळ असतो व यथाकाळ बाहेर येतो. लघवी करताना कातडी क्षणभर फुगली, पण धार नीट असली व मूल रडत नसले, तर वाट पाहावी. मात्र धार दोऱ्यासारखी बारीक होणे, लघवीला कुंथावे लागणे, लाली, सूज, पू किंवा ताप, अथवा कडेला पांढरे कडक कडे दिसणे, यांपैकी काही असले तर डॉक्टरांकडे गेले पाहिजे. ते पांढरे कडे विशेष लक्षात ठेवावे. तो कातडीचा स्वतंत्र रोग असू शकतो व तो आपोआप बरा होत नाही.

कातडी सहज मागे जाऊ लागली, की मुलाने स्नानाच्या वेळी ती स्वतःच हलकेच मागे घ्यावी, नुसत्या पाण्याने धुवावी व पुन्हा पुढे आणावी. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याची ओढ असते, पण या कामाला एक तांब्या पुरतो. साबण घासू नये. त्याने आग होते.

“पुन्हा पुढे आणावी” हे शब्द आम्ही उगाच लिहिले नाहीत. कातडी मागेच राहिली तर ती दोरीसारखी आवळते, बोंड सुजते, आणि सुजल्यामुळे ती आणखीच अडकते. असे झाल्यास सुजलेला भाग ओल्या फडक्याने मुठीत धरून पाच-दहा मिनिटे दाबून धरावा, सूज उतरली की अंगठ्यांनी बोंड आत लोटीत कातडी पुढे ओढावी. न जमल्यास रात्र असो वा पाऊस, लगेच रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये. रक्त थांबून बोंड कुजू शकते. लघवीची नळी घातलेल्या वृद्धांतही हे घडते, म्हणून नळी बसविल्यावर कातडी पुढे आणली आहे ना, हे घरच्यांनी पाहावे.

आता प्रौढांविषयी. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ दीड-दोन वर्षे औषधाच्या दुकानातून खाजेचे मलम आणून लावीत होते. कातडी चिरत होती, मागे सरेना, आणि पत्नीपासून ते वेगळे निजू लागले होते. घरात त्याचा अर्थ भलताच घेतला गेला. अखेर रक्त तपासले, तेव्हा साखर भरमसाट निघाली. मधुमेहात लघवीतून साखर जाते व त्या ओलसर जागी बुरशी फोफावते. चाळिशीनंतर पूर्वी सैल असलेली कातडी आवळू लागली, तर प्रथम साखर तपासावी. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, साखर लघवीवाटेच बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांस हा त्रास अधिक होतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. पत्नीलाही खाज असल्यास दोघांचा उपचार एकदमच करावा.

उपचार म्हणजे शस्त्रक्रियाच, ही भीती पुष्कळांस असते. ती खरी नाही. बीटामेथासोनसारखे मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने आवळलेल्या कडेवर चार ते सहा आठवडे लावले व कातडी दुखणार नाही इतपत ताणली, तर बहुतेक मुलांचे काम तेवढ्यात होते. ही कल्पना परकी नाही. सुश्रुतसंहितेत या विकाराला निरुद्धप्रकश म्हटले असून, तूप माखलेली नळी घालून दर तीन दिवसांनी ती अधिक जाड करीत वाट रुंदावण्यास सांगितले आहे. (कोणी घरी नळी घालू नये, हे वेगळे सांगायला नकोच.) कातडी अडकण्याला तेथे परिवर्तिका असे नाव आहे, आणि तिच्यावर तूप लावून शेकणे व बोंड दाबीत कातडी पुढे आणणे, हाच उपाय दिला आहे.

मलमाने न भागल्यास, किंवा ते पांढरे कडे असल्यास, सुंता करावी लागते. ती जागा बधिर करून किंवा भूल देऊन होते, व रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी येतो. धर्माचा येथे काही संबंध नाही. अपेंडिक्स काढण्याला जेवढा, तेवढाच. बीदरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा कलबुर्गीच्या मोठ्या रुग्णालयांत जाऊन मराठी, कानडी वा दखनी, जमेल त्या बोलीत “कातडी मागे जात नाही” एवढे चार शब्द सांगितले तरी पुरे. पुढचे डॉक्टर विचारतात.

एक गोष्ट मात्र मलमावर सोपवू नये. वर्षानुवर्षे न उघडणाऱ्या कातडीखाली गाठ, न भरणारी जखम किंवा दुर्गंधीचा रक्तमिश्रित स्राव असला, तर तो कर्करोग असू शकतो. आवळलेली कातडी, अस्वच्छता व तंबाखू ही तिन्ही त्याला अनुकूल आहेत. लवकर कळले तर थोडक्या कापाकापीत भागते. उशीर झाला तर अवयव जातो, आणि कधी माणूसही. अशा वेळी आठवडाही न दवडता तुकडा काढून तपासून घ्यावा. रुग्ण संकोचाने एकटा जाणार नाही, म्हणून भावाने किंवा मुलाने सोबत जावे.