कात्रणांचे दागिने

शिंप्याचे दुकान बंद व्हायच्या वेळी एकदा जाऊन बघा. मशीनखाली कात्रणांचा ढीग पडलेला असतो. सुती, रेशमी, चोळीचा खण, सगळे त्यात येते. कोल्हापूरकडे वहाणा करणाऱ्यांच्या घरीही तसेच. तळ कापला, पट्टे कापले, की चामड्याचे दोन-चार बोटे रुंद तुकडे उरतात. या दोन ढिगांतून आज आपण गळ्यातली माळ करू.

"चिंध्यांचा कसला आलाय दागिना?" असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हणत होतो. पण शहरातल्या बाया आता खणाच्या माळा हौसेने घालतात आणि पैसे मोजून घेतात.

आधी कापड पारखू. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा. फडक्याला रंग लागला तर तो तुकडा नको. हे आम्ही ठेच लागून शिकलो. आमच्या पहिल्या लाल माळा जत्रेत हातोहात खपल्या. ऊन कडक होते. घाम आला, आणि बायांच्या गळ्याला, पोलक्याला लाल डाग पडले. दोघीजणी भांडायला आल्या. त्यांचे पैसे मुकाट्याने परत दिले. चूक आमचीच होती ना!

आता मणी. कापडाची लांब त्रिकोणी पट्टी कापा. एक टोक दोन बोटे रुंद, दुसरे निमुळते. लांबी वीतभर. पट्टीला मागून गव्हाच्या पिठाची खळ लावा. सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या. रुंद टोकापासून पट्टी तारेवर घट्ट गुंडाळत जा. निमुळते टोक शेवटी मधोमध यावे, म्हणजे मणी पोटाशी फुगीर होतो. टोकाला सुईने दोन टाके घाला, नुसत्या खळीवर विसंबू नका. मणी ओलसर असतानाच गोल फिरवून तारेवरून काढा आणि दोन दिवस उन्हात वाळवा.

खणाचे कापड कडेने उसवते. म्हणून त्याला मागून जुने सुती कापड चिकटवा, मग कापा.

वह्या बांधणारे खळीत मोरचूद घालतात, म्हणजे कीड लागत नाही. आपण मात्र घालायचा नाही. मोरचूद विषारी. माळ आईच्या गळ्यात असते आणि कडेवरचे पोर ती तोंडात घालते. खळ रोज ताजी करा, तेवढे पुरे.

माळेच्या मधोमध चामड्याचे पान ओवायचे. चामडे कोणते घ्यावे? कोल्हापुरी वहाणेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. ते कापले की आतूनही तांबूस दिसते. ओले करून बोटांनी वाकवले की वाळल्यावर तसेच राहते. पानाला बाक द्यायला हेच बरे. कारखान्यात क्रोमने कमावलेले चामडे कापल्यावर पुष्कळदा आतून निळसर दिसते. त्याला असा बाक राहत नाही. ते तुकडे चुलीतही घालू नका, धूर वाईट.

काही घरांत चामडे म्हटले की हात मागे घेतात. पायात वहाण चालते, मग हाताला का नको? घटनेने 1950 सालीच अस्पृश्यता बंद केली. रापी कशी धरायची, आरीने भोक कसे पाडायचे, हे गावातल्या वहाणा करणाऱ्या कारागिराकडूनच शिका. त्याच्याएवढे कोणाला येणार? आणि हो, त्याच्या वेळेचे पैसे द्या.

आता वही काढा. लिहायला शिकलो ते याचसाठी. माळ तयार झाली की व्यापारी येतो. तिला उलटसुलट करून म्हणतो, "चिंध्यांचीच तर आहे. 60 रुपये देतो." आपल्यालाही वाटते, कात्रण फुकटचे होते, 60 म्हणजे सगळा फायदाच की!

जरा लिहून बघू. समजा, एका माळेला 3 तास लागले. गावात 8 तासांची मजुरी समजा 240 रुपये. म्हणजे तासाला 30.

कात्रण – 0
दोरा, खळ, कडी – 10 रुपये
मजुरी, 3 तास – 90 रुपये
एकूण – 100 रुपये

व्यापाऱ्याच्या 60 मधून सामानाचे 10 गेले. उरले 50. तीन तासांना 50, म्हणजे तासाला 17 रुपयेसुद्धा पडले नाहीत. कात्रण फुकट होते, पण तीन तास आपण फुकट दिले नव्हते. शिवाय या 100 मध्ये अजून नफा धरलेलाच नाही. बाजारात जायचे गाडीभाडेही नाही.

वर आम्ही धरलेले आकडे खोडा. तुमच्या गावची मजुरी लिहा. माळ करायला बसताना घड्याळ बघा, उठताना पुन्हा बघा, आणि तो वेळ लिहा. भांडी घासायला मध्ये उठलात तर तो वेळ वजा करा. व्यापारी आला की ते पान त्याच्यापुढे धरा.