वेळ कमी असेल तर मधलं चरित्र

नवरात्रात ऑफिस सांभाळून सप्तशतीचे १३ अध्याय रोज होत नाहीत. मग बरेच जण दुप्पट वेगाने ऑडिओ लावतात, नाहीतर जमेल तिथे पोथी मिटतात. पण पोथीच्या शेवटी जोडलेल्या वैकृतिक रहस्यात यावर सरळ सांगितलंय. एकच चरित्र म्हणायचं तर मधलं, म्हणजे अध्याय २ ते ४, महालक्ष्मीचं, महिषासुरवधाचं. पहिलं किंवा तिसरं एकटं नको. आणि घेतलेलं चरित्र अर्ध्यात सोडायचं नाही. (याच रहस्यात महालक्ष्मीला अठरा हात आहेत. वणीची सप्तशृंगी आठवली ना?) हे तीन अध्याय स्वतःच्या तोंडाने, अक्षरं न गिळता म्हणा, कानावरून धावत गेलेल्या तेरांपेक्षा मला ते केव्हाही बरं वाटतं. उद्या चौथ्या अध्यायातली देवांची स्तुती बघू.