चंद्रपूरला जाण्यापूर्वी

अकोला, २ एप्रिल

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

रस्त्याच्या कामावर चंद्रपूरला रुजू होतोयस, तेही ऐन उन्हाळ्यात, हे दादाकडून कळलं. आनंद झाला, तितकीच काळजीही वाटली. तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणं नवलाचं नाही.

तुझी रत्नागिरीच्या उन्हाची सवय तिथे कामाला येणार नाही. कोकणात घामाच्या धारा लागतात, माणूस आपणहून पाणी मागतो. विदर्भाची हवा कोरडी. घाम आला तसा उडून जातो आणि आपल्याला घामच येत नाही असं वाटतं. संध्याकाळी शर्ट काढशील तेव्हा पाठीवर पांढऱ्या रेघा दिसतील. ते तुझ्या अंगातून गेलेलं मीठ. म्हणून तहानेवर विसंबू नकोस. लघवीकडे लक्ष ठेव. फिकट असेल तर ठीक. गर्द पिवळी आणि कमी होऊ लागली की पाणी कमी पडतंय, आणि ते तेव्हाच भरून काढायचं.

नुसतं पाणीही पुरत नाही. मीठ घातलेलं ताक, पन्हं, लिंबू सरबत रोज पोटात जाऊ दे. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालव, अंदाजाने नको. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर चवीसाठी नसते, तिच्यामुळे आतडं मीठ आणि पाणी ओढून घेतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले. लोक खिशात कांदा ठेवायला सांगतील. कांदा जेवणात खा, खिशातल्या कांद्याने ऊन लागायचं थांबत नाही.

आता मुख्य सांगते. तुझ्या हाताखाली मजूर असतील. पाणी प्यायला कामावरून उठलं तर मुकादम ओरडेल, म्हणून बायामाणसं तहान मारतात. आडोसा नसला की लघवीला जावं लागू नये म्हणून बाया पाणीच टाळतात. आधी तो आडोसा करून घे. सावलीत रांजण भरलेला ठेव, काम पहाटे सुरू करून बारा ते चार बंद ठेव. ठेकेदार कुरकुरला तरी हटू नकोस. नव्याने आलेल्यांना पहिले दहा-पंधरा दिवस हलकं काम दे, स्वतःही घे. शरीर उन्हाला सरावायला तेवढे दिवस लागतातच.

रुग्णालयाच्या वॉर्डात मी पाहिलेले उष्माघाताचे कितीतरी रोगी उशिरा आणलेले असायचे. अंग तव्यासारखं तापलेलं, नजर भिरभिरती, बोलणं असंबद्ध. सोबतचे सांगायचे, ‘दारू प्याला असेल म्हणून झोपू दिला.’ उन्हात कुणी बरळायला लागला, झोकांड्या देऊ लागला, तर उष्माघातच समज, अंगाला घाम असला तरी. लगेच सावलीत ने, कपडे सैल कर, सर्वांगावर पाणी ओत आणि जोरात वारा घाल. बर्फ मिळाला तर काखेत, जांघेत, मानेला लाव. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. तापाची गोळी इथे काही करत नाही. १०८ला फोन दुसऱ्याला करायला सांग, तू पाणी ओतत राहा. गाडी येईपर्यंत थांबू नकोस.

पोचलास की जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते पाहून ये आणि मला कळव.

तुझी,
आत्या